थांब्यामागच्या चपला

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, पालिकेचे माननीय उपायुक्त साहेब, परिवहन समितीच्या सन्माननीय सभापती बाई, आमचे आगारप्रमुख, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपले वाहतूक नियोजन अधिकारी, ज्यांना पूर्वी पाठीमागे आणि आता तोंडावरही सगळं आगार ‘स्टूलसाहेब’ म्हणतं, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या वहिनी, चालक, वाहक, कार्यशाळेतली मंडळी, माझ्या कचेरीतल्या मैत्रिणी, आणि मागच्या रांगांत भलेमोठे पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन बसलेल्या, निमंत्रण नसतानाही अगत्याने आलेल्या पाहुण्यांनो,

सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी आत्ताच माझ्या हातात चिठ्ठी सरकवली आहे. तिच्यावर ‘थोडक्यात’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. ही चिठ्ठी माझ्या आधीच्या वक्त्यांना का दिली गेली नाही, असा प्रश्न मला पडला आहे. पण तो मी विचारणार नाही. मी या आगाराची मुख्य लिपिक. कर्मचारी मला ‘चौकशी खिडकी’ म्हणतात, हे मला माहीत आहे. घरीही फार वेगळं नाही. यजमान बाजारातून वेळेच्या आधी परत आले तरी मी पिशवी उघडून बघते. शंका घेणं हा माझा स्वभाव आहे, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर तो बदलावा असं मला काही कारण दिसलेलं नाही.

म्हणून आज सभागृहात पाऊल टाकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. गेल्या वर्षी इथेच आमच्या भांडारपालांचा निरोप समारंभ झाला. माणूस सज्जन, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. तरी पुढच्या दोन रांगा भरायला कार्यशाळेतून हात पुसत पुसत मेकॅनिक आणावे लागले होते. आणि आज एका बसखात्याच्या अधिकाऱ्याच्या निरोपाला खुर्च्या कमी पडल्या? मागे बसलेल्यांपैकी कितीजण शेवटचं बसमध्ये कधी चढले होते, हे त्यांनी मनातल्या मनात आठवून पाहावं. जागांचे एजंट आहेत, बिल्डर आहेत, भाड्याच्या खोल्यांचे मालक आहेत. स्वागतच आहे. चहा सगळ्यांना मिळेल.

ते का आले आहेत, हे मी सांगते, म्हणजे नव्या मंडळींना कोडं पडायला नको. आमच्या आगारात एक जुनी रीत आहे. नियोजन विभागातला माणूस निवृत्त होतो, तेव्हा त्याने आखलेला शेवटचा मार्ग निरोपाच्या कार्यक्रमातच जाहीर करायचा आणि त्या मार्गावरची पहिली बस सगळ्यांच्या देखत फाटकातून सोडायची. ती बस खिडकीतून दिसते आहे. तिच्या पाटीवर कापड टाकलेलं आहे. मी बोलायला उभी राहिल्यापासून मागच्या रांगांची नजर माझ्याकडे नाही, त्या कापडाकडे आहे. तिथे आणखी एका व्यक्तीची नजर आहे, आणि तिचं घर त्या पाटीवर अवलंबून आहे. ती व्यक्ती म्हणजे दाराशी किटली घेऊन उभ्या असलेल्या आपल्या कँटीनच्या मावशी.

अध्यक्ष महाशयांनी आपल्या अभ्यासपूर्ण भाषणात वेगाने वाढणाऱ्या शहरांची कारणं आणि आव्हानं समजावून सांगितली. माणसाला गावातून ढकलणारी कारणं वेगळी आणि शहराकडे ओढणारी कारणं वेगळी, असं ते म्हणाले. रोजगार, शिक्षण, आरोग्य, दळणवळण. मी टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. पण माझ्या मनात आलं की मावशींना नेमकं कुणी ढकललं आणि कुणी ओढलं? गावात शाळा चौथीपर्यंत होती आणि दवाखाना नव्हताच. मावशींचे यजमान गवंडी. गावात घरं बांधणारं कुणी उरलं नाही आणि इकडे मात्र इमारतींवर इमारती उठत होत्या. म्हणून आले. ज्या इमारती त्यांनी उभ्या केल्या, त्यांतल्या एकीतही त्यांना राहता आलं नाही. अध्यक्षांच्या भाषणातली सगळी कारणं या एका बिऱ्हाडाला लागू पडतात, यात शंका नाही. माझी शंका नाही ती एवढ्यापुरतीच.

आता आव्हानं. मावशी इथे आल्या तेव्हा जुन्या गोदामांच्या मागे राहायच्या. आगार चालत जाण्याच्या अंतरावर. मग तिथे बस आली. बस येण्याच्या थोडं आधी मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, खोली हवी झाली. मावशी गेल्या पंपहाऊसला. पंपहाऊसला बस येणार असं दिसू लागलं, तसं तिथल्या मालकाच्याही मुलाचं लग्न ठरलं. मावशी गेल्या वीटभट्टीला. वीटभट्टीच्या मालकाला मूलबाळ नव्हतं, म्हणून मी निश्चिंत होते. त्याचा पुतण्या निघाला. आपल्या शहरात बस येण्याची बातमी आणि लग्नाचे योग यांचा असा काही जवळचा संबंध आहे, की त्यावर कुणीतरी संशोधन करायला हवं.

दर वेळी बस पोचायची, आणि जिच्या पायपिटीसाठी ती सोडली ती बाई तोवर पुढच्या वस्तीत जाऊन पुन्हा पायपीट करत असायची. आता त्या खाणीच्या वस्तीत असतात. मुलगा, सून आणि नात. सून दवाखान्यात कामाला जाते, नात शाळेत. वीटभट्टीचा थांबा हा आपल्या अकरा नंबरचा शेवटचा थांबा. खाणीतून तिथपर्यंत खडीचा, चिखलाचा रस्ता, आणि तो मावशी, सून आणि नात तिघी तुडवतात.

आता मला सांगा, बस येणार हे मालकांना आधी कळत कसं होतं? प्रस्ताव माझ्या कपाटात असायचा. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. प्रस्ताव टंकायच्या आधीच वस्तीतली भाडी वाढलेली असायची. म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि माझ्या कपाटाच्या वर एकच खोली होती. स्टूलसाहेबांची.

वहिनी, तुम्ही माझ्याकडे अशा बघू नका. तुमच्या दारात नवी गाडी दिसली त्या आठवड्यात माझी खात्रीच झाली होती. ती जावईबापूंची निघाली, हे मी तुमच्या शेजारीणबाईंकडून तपासून घेतलं आहे.

साहेबांची कामाची पद्धत नव्या लोकांना माहीत नसेल. बाकीचे अधिकारी नकाशे मागवतात, बैठका घेतात. हे सकाळी घडीचं स्टूल, थर्मास आणि छत्री घेऊन शेवटच्या थांब्यावर जाऊन बसतात. माणसं मोजत नाहीत, चपला मोजतात. शेवटच्या थांब्याच्या भिंतीमागे जाऊन बघा कधीतरी. चिखल तुडवत आलेल्या बायका तिथे पायातल्या चपला काढतात, पिशवीतून धुतलेल्या चपला काढून घालतात, आणि मळक्या चपला भिंतीमागे दगडाखाली ठेवून बसमध्ये चढतात. संध्याकाळी उलटा कार्यक्रम. साहेब म्हणायचे, माणसाला विचारलं तर तो म्हणतो, ‘जवळच राहतो’. चपलेला लाज नसते. थांब्यामागे चपला वाढल्या की त्यांचा प्रस्ताव तयार. पद्धत चांगली होती, हे मीही मानते.

तरीही माझी शंका फिटली नव्हती. म्हणून गेल्या वर्षी एका सकाळी मी त्यांच्या मागावर गेले. हो, रजा टाकून गेले. वीटभट्टीच्या थांब्यासमोर चहाची टपरी आहे, तिच्या आडोशाला बसले. साहेबांनी स्टूल उघडलं, थर्मासचं झाकण फिरवलं आणि खाणीच्या रस्त्याकडे बघत बसले. कुणी पाकीट द्यायला आलं नाही, कुणाशी कुजबूज नाही. माझी जरा निराशाच झाली. मग माझं लक्ष गेलं ते पलीकडे उभ्या असलेल्या मोटरसायकलकडे. एक गृहस्थ तिचा आरसा पुसत होते. आरसा लख्ख होता. तरी ते पुसतच होते, आणि त्या आरशात त्यांचं तोंड दिसत नव्हतं, साहेबांचं स्टूल दिसत होतं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या शहरात कुणाचे हात ओले करायची गरजच नव्हती. साहेब जिथे स्टूल टाकतील तिथे बस येणार, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. स्वतः साहेब तेवढे खाली मान घालून चपला मोजत होते. मी मनात म्हटलं, हा माणूस एकतर फार भोळा आहे नाहीतर फार पोचलेला आहे. आपल्या खात्यात दोन्ही प्रकारची माणसं सुखाने निवृत्त होतात, त्यामुळे ठरवणं अवघड होतं.

तेवढ्यात मावशी आल्या. खाणीच्या रस्त्याने, हातात चपलांची पिशवी. त्यांनी साहेबांना पाहिलं आणि त्या जागीच थांबल्या. कँटीनमध्ये उधारी मागणाऱ्या चालकाला ज्या दरडावतात, त्या या मावशी नव्हेत असं मला क्षणभर वाटलं. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, पाया पडते, इथून उठा. तुम्ही बसलात की आम्हाला उठावं लागतं.”

साहेबांना काही कळलं नाही. ते म्हणाले, “अहो मावशी, तुमच्याचसाठी तर बसलोय.”

मावशींनी हनुवटीने मोटरसायकल दाखवली. साहेबांनी त्या गृहस्थांकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग आपल्या बुडाखालच्या स्टुलाकडे. त्यांचा चेहरा मी टपरीमागून पाहिला. तो चेहरा पोचलेल्या माणसाचा नव्हता, एवढं मी या व्यासपीठावरून सांगू शकते. चहा अर्धवट टाकून त्यांनी स्टूल मिटलं आणि मावशींच्याच बसने परतले. बसमध्ये मीही मागच्या बाकावर होते.

त्यानंतर साहेब खाणीकडे फिरकले नाहीत. आरसा पुसणारे गृहस्थही तिथून गेले. दोन घोट चहा पिऊन माणूस उठला म्हणजे जागा नापास, असा त्यांनी अर्थ लावला असावा. आणि मग, मंडळी, साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला, चुनखडीच्या माळावर जाऊन बसू लागले.

तो माळ कुणी पाहिला आहे? पाणी नाही, झाड नाही. चार शेळ्या आणि त्यांना राखणारे एक म्हातारबाबा. तिथे चपला मोजायच्या तर शेळ्यांच्या पायात आधी घालाव्या लागतील. तरी साहेब रोज सकाळी तिथे. स्टूल, थर्मास, छत्री. पावसाळाभर. कचेरीत कुजबूज सुरू झाली की निवृत्ती जवळ आली, साहेबांचं चित्त ठिकाणावर नाही. मी म्हटलं, चित्त अगदी ठिकाणावर आहे, यांनी माळावर जागा घेतली असणार. सरळ हिशोब होता. मोटरसायकली माळाकडे वळल्या. कुंपणं पडली, कमानी उभ्या राहिल्या. एका कागदावर तर मी स्वतः वाचलं, ‘नियोजित बसथांब्यापासून दोन मिनिटांवर’. म्हातारबाबांना माळाबाहेर काढलं, ते शेळ्या घेऊन आणखी पुढे गेले. त्यांचं मला वाईट वाटतं. त्या खेळाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

याच दिवसांत माझ्या डोळ्यांत आणखी एक गोष्ट खुपायला लागली. मावशी सकाळी साहेबांच्या टेबलावर चहा ठेवायच्या आणि हळूच एक आकडा म्हणायच्या. नुसता आकडा. साहेब मान हलवायचे. मला वाटलं, या वयात दोघं जुगाराला लागले की काय! दाराआड उभं राहून मी ते आकडे ऐकले. ते दर आठवड्याला थोडे थोडे वाढत होते. जुगारात असं होत नाही. मग माझ्या लक्षात आलं, की साहेबांना बसता येत नव्हतं म्हणून मावशी येता-जाता मोजत होत्या. थांब्यामागच्या चपला.

आता ज्याला स्वतःच्या दारात बस हवी, तो आकडा फुगवणार की नाही? मला तरी तशी खात्री होती. म्हणून एकदा त्यांच्या पाठोपाठ जाऊन मी भिंतीमागे वाकून मोजलं. मावशींचा आकडा चुकला होता. त्यांनी एक जोड कमी सांगितला होता. दुपारी मी त्यांना कँटीनमध्ये गाठून जाब विचारला. त्या म्हणाल्या, “माझा कशाला धरायचा? मला सवय आहे.”

मी त्या दिवशी चहा न घेता परत आले. मला रडू आलं होतं, हे सांगायला आता हरकत नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगते, म्हणजे चिठ्ठीचाही मान राहील. काही दिवसांनी मावशी भाडेकरारांचे मसुदे घेऊन माझ्याकडे टंकायला आल्या. एकट्या त्यांचाच नाही, खाणीतल्या सगळ्या खोल्यांचे. मुदत पाच वर्षं, भाडं ठरलेलं. मी विचारलं, मावशी, त्या खडकात पाच वर्षं राहायची हौस कुणाला आहे? तर म्हणाल्या, तुम्ही टंका, शंका नंतर काढा. सगळ्या खोल्यांचे मालक एकच, त्यांनी आनंदाने सह्या केल्या. जिकडे कुत्रं फिरकत नाही, तिथले भाडेकरू पाच वर्षं बांधले गेले, आणखी काय हवं? बस माळाकडे जाणार हे तर त्यांना पक्कं ठाऊक होतं. करारांची नोंदणी झाली आहे. मी कार्यालयात जाऊन शिक्के डोळ्यांनी पाहून आले आहे. ते मालक आज मागच्या रांगेत उजवीकडून दुसरे बसले आहेत. कृपा करून सगळ्यांनी एकदम वळून पाहू नये.

आणि त्यानंतर साहेबांनी माझ्या टेबलावर त्यांचा शेवटचा प्रस्ताव ठेवला. अकरा नंबर मार्गाचा एका थांब्याने विस्तार. एक थांबा वाढवायला समितीची मंजुरी लागत नाही, नियोजन अधिकाऱ्याची सही पुरते. सभापती बाई, म्हणून तो आपल्याकडे आला नाही, गैरसमज नसावा. मी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि साहेबांना विचारलं, “साहेब, मग तो माळ?” ते म्हणाले, “माळावर हवा छान असते हो. मी कुणाला या म्हटलं नव्हतं.”

त्यांनी कुणाला एक शब्दही खोटा सांगितला नाही. सकाळी माळावर स्टूल टाकून चहा पिणं हा कुठल्या कलमाखाली गुन्हा आहे, ते अध्यक्ष महाशयांनी मला नंतर सांगावं. काल कार्यशाळेत पाटी रंगवली गेली, तेव्हा रंग वाळेपर्यंत मी तिथेच खुर्ची टाकून बसले होते. आमच्या पेंटरला याचा राग आला आहे. पण कापड टाकून पाटी चढेपर्यंत मी हलले नाही.

वाहक दादा, आता कापड काढा.

‘खाण वस्ती’. मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर मी वाचून दाखवते. खाण वस्ती, मार्ग अकरा, आजपासून सुरू. अहो, उठू नका, बसा. पुष्पगुच्छ तरी देऊन जा, ते साहेबांसाठीच आणले होते ना? बरं. जाणाऱ्यांनी दार हळू लावावं.

आपल्याला वाटेल की ही बाई आता समाधानाने खाली बसेल. माझी शंका काही फिटलेली नाही. करार पाच वर्षांचे आहेत. पाच वर्षांनी किती मुलांची आणि पुतण्यांची लग्नं निघतील, हे मला आत्ताच दिसतं आहे. बस नेणं आपल्या हातात आहे, पण जिच्यासाठी न्यायची तिला जागेवर ठेवणं कुणाच्या हातात आहे, हे आजच्या कुठल्याही भाषणात आलं नाही. अध्यक्ष साहेब, तुम्ही मघापासून घड्याळाकडे बघता आहात. मी तुमच्याकडे बघते आहे. साहेबांच्या जागी येणारे नवे अधिकारी, व्यासपीठाच्या कडेला बसले आहेत ते, म्हणे स्टूल वापरणार नाहीत. लोकांच्या मोबाईलवरून कळतं म्हणे कोण कुठून येतं ते. फार चांगलं. तो मोबाईल तुमच्याशिवाय आणखी कोण बघतं, हे मी बघणार आहे. माझ्या निवृत्तीला अजून अवकाश आहे.

स्टूलसाहेब, कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून तुमच्यासाठी आरामखुर्ची घेतली आहे. तिच्यात घरीच बसा. फाटकाबाहेर तिला नेऊ नका, नाहीतर तुमच्या गल्लीत भाडी वाढतील. तुमचं जुनं स्टूल तुम्ही खाणीच्या थांब्याला देणार आहात, तिथे अजून शेड झालेली नाही म्हणून, असं कळलं. त्यावर कोण बसतं तेही मी अधूनमधून जाऊन पाहीन. तुमच्यावर मी पुष्कळ शंका घेतल्या. यापुढे घ्यायला कुणी तुमच्याइतकं सोयीचं मिळणार नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं आहे. वहिनी, यांना सांभाळा. सकाळी थर्मास भरायला लागले की मला फोन करा.

आयोजकांचे, सभागृह उपलब्ध करून देणाऱ्यांचे आणि शेवटपर्यंत बसून राहिलेल्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाच्या मानापानात उणं-अधिक झालं असेल, कुणाचं पद सांगायचं राहिलं असेल किंवा कुणाला उगाच टोचलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं. ज्यांना मुद्दाम टोचलं आहे, त्यांनी तसं करण्याची गरज नाही.

आणि मावशी, ते कप राहू द्या. मी विसळते. तुम्ही निघा, चालक तुमच्यासाठी थांबला आहे. नाही, ती चपलांची पिशवी कशाला घेता? बस दारापर्यंत जाते आहे.